मूळ लाकडाचं दार

खोटं सांगून मला काय मिळणार? माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि रात्री नाही, भर दुपारी. गेल्या एप्रिलमधला एक शनिवार, मिशिगनमधलं हार्लनदादाचं कोठार.

तिथं दादाची १९४८ची स्टेशन वॅगन, जुनी लांबट मोटार. दारं, मागची बाजू, सगळं लाकडाचं. एवढ्या वर्षांत एक फळी बदललेली नाही. दादाला त्याची भारी मिजास.

दर एप्रिलला वॉर्निश लावायच्या आधी आम्ही बोटांनी लाकूड ठोकून बघायचो. चांगलं असलं की टक्क वाजतं, कुजलं की भद्द. मी दोनदा ठोकायचो, दादा तीनदा.

त्या दिवशी मी मागचं दार ठोकलं. टक टक.

आतून आलं... टक टक.

"उंदीर असेल," दादा म्हणाला. "तुझ्याइतका भित्रा नसेल मात्र."

आणि ते दार उघडून आत शिरला.

दार आपोआप लागलं.

उघडेना. चारही उघडेनात.

मी हातोडा उचलला. दादा काचेआडून ओरडला, "ए टकल्या! मूळ लाकूड आहे ते! ओरखडा काढलास तर घरात घेणार नाही!"

"मग काच फोडतो."

"काचही मूळचीच आहे, गाढवा! बिजागरीचे स्क्रू काढ."

हसत होता. मीही हसलो.

स्क्रू ड्रायव्हर दहा पावलांवर होता. मी पाठ फिरवली. एक मिनिट. फार तर दोन. कोठारात चिमणीचासुद्धा आवाज नाही.

वळलो, तर दार... सताड उघडं.

दादा सीटवर. गेलेला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. पण त्याच्या बोटांची सालटी निघाली होती हो! किती ठोकलं असेल त्यानं...

मला एक ठोका ऐकू आला नाही.

मागच्या आठवड्यात डोरीनवहिनी म्हणाली, "एमेट, रोज दुपारी ठोकतो तो. तीनदा. उघडून बघते तर आत कुणी नाही. तोड बाबा ते दार. सुटू दे त्याला."

मी कुऱ्हाड उचलली.

आतून... टक टक टक. टक टक टक. जोरात. घाईघाईनं.

"तोड म्हणतोय!" वहिनी रडायला लागली.

की लाकडाला हात लावू नको म्हणतोय?

"दादा, काय करू रे?"

टक टक टक.

कुऱ्हाड अजून तिथंच भिंतीला टेकून आहे. घाव घालायला माझा हात धजला नाही. एप्रिल जवळ आलाय. वॉर्निश लावायचंय...

आणि त्याआधी दार ठोकावं लागतं.