स्वेटर निवेपर्यंत

त्याच्या स्वेटरच्या डाव्या कोपरावरचं किरणोत्साराचं माप उजव्यापेक्षा जास्त येत होतं. फार नाही, थोडंसंच; पण मोजणीयंत्र पुन्हा फिरवून पाहिलं तरी फरक तसाच राहिला. तिने मान वर केली.

"काम करताना तुम्ही डाव्या कोपरावर रेलता का?"

"हो…" तो गडबडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"ते भिंतीला घासतं. नायलॉन घासलं की त्यावर वीज साठते, आणि मग तळघरातलं काय काय त्याला चिकटतं."

"म्हणजे मी… कामातून गेलो?"

"तुम्ही ठणठणीत आहात. स्वेटर काढून ठेवा आणि त्या खुर्चीत बसा. अर्धा तास."

सरकारी अणुप्रयोगशाळेच्या त्या इमारतीतून बाहेर पडायला एकच दार होतं, आणि दाराआधी मोजणीची उंच चौकट. चौकटीत उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की सरळ घरी, लाल लागला की तिच्या टेबलाशी. ती विकिरण सुरक्षा विभागातली. लाल दिवा का लागला, हे शोधणं तिचं काम. बहुतेक वेळा कारण साधं असे. दगडातून, काँक्रीटमधून रेडॉन नावाचा वायू झिरपत असतो, आणि कोंदट तळघरात तो साचतो. त्याच्यापासून तयार होणारे कण कपड्यांवर बसतात. एवढ्याशा कणांनी कुणाचं काही बिघडत नाही, पण ते तेच आहेत हे सिद्ध करावं लागतं. त्याची रीत एकच. थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. अर्ध्या तासात माप निम्म्यावर उतरलं तर रेडॉन. अणुभट्टीतलं दुसरं काही असेल तर ते इतक्या लवकर हलत नाही.

स्वेटर टेबलावर निवत पडला. तो शर्टाच्या बाह्या खाली ओढून कुडकुडत बसला.

"गंमत आहे," तो म्हणाला. "मी तळघराची हवा खेळती करायला आलोय, आणि तीच हवा मला घरी जाऊ देत नाही."

तो हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेचा इंजिनिअर होता. दूर एक नवं केंद्र उभं राहत होतं, तिथून त्याला तळघरातले जुने पंखे बदलायला पाठवलं होतं. काम हिवाळाभर चालणार होतं.

अर्ध्या तासाने माप निम्म्यावर आलं. तिने स्वेटर त्याच्या हातात दिला.

"उद्या सुती काहीतरी घालून या."

"बरं."

दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर. लाल दिवा.

"दुसरा नाहीये माझ्याकडे," तो निर्विकार चेहऱ्याने म्हणाला आणि न सांगता खुर्चीत जाऊन बसला.

असं रोजच होऊ लागलं. बोलायला विषय लागत नसत. नव्या केंद्रात तिच्यासारख्यांच्या विभागाला एक मोठी खोली दिली आहे, असं तो सांगायचा. उत्तरेला खिडक्या, भिंतीतून लोंबणाऱ्या वायरी, बाकी काही नाही. एक टेबलसुद्धा नाही. ती विचारायची, तळाचं काँक्रीट किती जाड आहे? खाली दगड कोणता? तो म्हणायचा, "बाकीचे लोक विचारतात, कँटीन कसं आहे."

"कँटीन कसं आहे?"

"भयंकर."

एकदा त्याची पिशवी उघडी राहिली. आत घडी घातलेलं सुती जाकीट होतं. तिने ते पाहिलं. तिने पाहिलेलं त्याने पाहिलं.

"ते… इस्त्रीचं आहे," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि यंत्र डाव्या कोपरावर टेकवलं. काटा हलला तो त्या कणांमुळेच, एवढं विज्ञान तिला येत होतं… तरी तिने मोजणी पुन्हा केली.

अडचण वेगळीच होती. तो यायच्या आधीपासून विभागाच्या मोठ्या बाई तिच्या मागे लागल्या होत्या. त्या नव्या केंद्रातला सुरक्षा विभाग अगदी पहिल्यापासून उभा करायचा होता, आणि बाईंनी तिचं नाव सुचवलं होतं. "सांगते," असं ती म्हणाली होती. मग पुन्हा "सांगते." इथे तिच्या डोक्यावर बाई होत्या; तिथे शेवटचा शब्द तिचा असणार होता. याची तिला धास्ती वाटायची, आणि तेच हवंहवंसंही वाटायचं.

त्यात हा आला, नेमका तिथूनच. आता ती हो म्हणाली तर ते कशासाठी? खोलीसाठी की याच्यासाठी? एका यंत्रासमोर दोन स्रोत ठेवले की आकडा एकच दिसतो. कुणाचा वाटा किती, ते कळत नाही. एक उचलून बाजूला ठेवावा लागतो. माणूस असा कसा उचलून ठेवणार?

"चष्म्याचा नंबर बदलायला तू वर्ष घेतलंस," घरी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तोवर बसचे आकडे मी वाचून दाखवत होते. आता काय, तुझी बदलीही मीच वाचून दाखवू?"

"तू एकटी राहशील, आई."

"माझं नाव पुढे करू नकोस हं. तुझे बाबा गेल्यावर फ्यूज बदलायला मी शिकले. तुला अजून येत नाही."

ते खरं होतं.

हिवाळा सरता सरता एका संध्याकाळी तो चौकटीत उभा राहिला आणि हिरवा दिवा लागला. अंगात तोच स्वेटर.

दोघंही दिव्याकडे बघत राहिले.

"पंखे सुरू केले आज," तो म्हणाला. "सगळे."

"चांगले बसवलेत."

"जरा वाईट बसवायला हवे होते…"

मागे माणसं खोळंबली होती. तो बाजूला झाला. आता खुर्चीत बसायला कारण नव्हतं, म्हणून तो तिच्या टेबलाशी उभाच राहिला. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत त्याने स्वेटरची बाही तीनदा दुमडली, तीनदा सोडली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "मी इथे बदली मागितलीय. कायमची. अर्ज दिला सकाळी. तुम्हाला न विचारता दिला, रागवू नका. इथे… म्हणजे या दारापाशी… मला बरं वाटतं."

तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ काहीतरी हुकल्याची रुखरुख लागली. आधी कळेना, कशाची. मग तिला ती खोली दिसली, उत्तरेच्या खिडक्यांची, लोंबत्या वायरींची. आता तिथे हा नसणार. आणि तरीही पहिलं यंत्र कुठल्या भिंतीला लावायचं, हे ती मनातल्या मनात ठरवत होती. कितीतरी दिवस ठरवत होती. एक स्रोत बाजूला झाला होता, तरी आकडा उतरला नव्हता.

तो हळूच म्हणाला, "चुकलो का मी?"

"नाही. तुझ्यामुळे मोजता आलं."

"काय?"

तिने यंत्राचं बटण बंद केलं. तिच्या कपाळावर एक बट आली होती, ती तिने तशीच राहू दिली.

"अर्ज मागे घे."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे… नको का मी?"

"ऐक आधी. मी तिथे जातेय. तो विभाग मी उभा करणार आहे. तू इथे राहिलास तरी जाणार, आणि हे मी उद्या बाईंना सांगणार आहे." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त बोटं टेबलाची कड घट्ट धरून होती. "हे एक झालं."

"आणि दुसरं?"

"दुसरं असं की, मला तू हवा आहेस. तिथे, माझ्याजवळ. पहिल्याचा याच्याशी काही संबंध नाही… पण हेही तितकंच खरं आहे."