गालिच्यातली एल्सी

"अहो बाई, थांबा! त्याचं शेपूट माझ्या हातात आहे!"

रोवीना दचकून जागीच थांबली. काखेत व्हॅक्युम क्लीनर, वरून भुरभुर पाऊस, आणि मागून नळीला बसलेला तो हिसका… तिनं वळून पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या दारातून एक उंच माणूस अर्धा बाहेर आला होता. नळीचं दुसरं टोक खरंच त्याच्या मुठीत होतं.

"मला वाटलं… टाकलाय."

"टाकायचाच आहे. पण मला सोडून नेलात तर बरं होईल."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कोबर्ग उपनगरात वर्षातून एकदा अडगळीचा आठवडा येतो. नको झालेलं सामान घरासमोरच्या गवतावर मांडायचं आणि पालिकेचा ट्रक येईपर्यंत ज्याला जे हवं त्यानं ते उचलायचं. कुणी विचारत नाही. विचारलं तर उलट दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. मोडक्या खुर्च्यांना टेकून, वायर गुंडाळलेला, मुकाट भिजत बसलेला व्हॅक्युम कुणाच्या वापरात असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बंद होता हो," ती पुटपुटली.

"बंदच आहे." तो जरा घुटमळला. "बाबांची गाडी आहे. उद्या घेणारा येणार. आतून साफ करून देतो म्हणालोय. पण सीटवर त्यांच्या पाइपची राख आहे, त्यांच्या कोटाची लोकर आहे… सकाळपासून नळी धरून बसलोय. बटणच दाबवत नाही."

आता व्हॅक्युम खाली ठेवावा आणि निघावं, असं तिला वाटलं. पण पाय निघेना.

"कधी गेले?"

"ईस्टरनंतर."

"माझी बहीणसुद्धा," ती म्हणाली. इतकं सरळ हे वाक्य तिच्या तोंडून याआधी कधी आलं नव्हतं.

मग त्यानं नळीचं टोक पुढे केलं. "न्या. खरंच न्या."

"चालतो का चांगला?"

"चालतो. पुढून धूळ ओढतो आणि मागून तेवढीच बाहेर फेकतो."

"मग नको. तसला एक आहे घरी."

तो हसला. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती, तरी हसला की चेहरा मुलासारखा व्हायचा. "म्हणजे चोरी करायची आणि वर मालाला नावं ठेवायची!"

रोवीनालाही हसू फुटलं… आणि लगेच चोरट्यासारखं वाटलं. बहिणीला, एल्सीला, मातीत ठेवल्यापासून ती हसली नव्हती. रोज पहाटे एल्सीची मुलं उठायच्या आत जपमाळ घेऊन बसायची, एवढीच काय ती शांतता होती तिच्या दिवसात.

त्याचं नाव दारिओ. दूर उत्तरेला, टाउन्सव्हिलच्या बंदरात तो बोटीवर कामाला होता. वडिलांचं घर रिकामं करायला आला होता आणि पुढच्या शुक्रवारी परत जाणार होता. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तिनं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं.

*

एल्सीच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरीचा गालिचा होता. एल्सीच्या मागं तिची दोन मुलं, पाच वर्षांची हेटी आणि दोनाचा मॉन्टी, रोवीनाच्या पदरात आली होती, आणि मुलांना त्यांच्याच घरात ठेवायचं म्हणून तीच तिथं राहायला आली होती. थंडी सुरू झाली तशी हेटीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, गालिच्यातली धूळ निघालीच पाहिजे. रोज, चांगल्या फिल्टरच्या यंत्रानं, आणि मुलीला तेवढा वेळ खोलीबाहेर ठेवून.

पण हेटी गालिच्याला हात लावू देत नव्हती.

सोफ्यासमोर बसून एल्सी केस विंचरायची. लांब, तांबूस केस. ते अजूनही लोकरीत अडकून होते. झाडू दिसला की हेटी तिथं पालथी पडायची आणि रडून रडून तिचा श्वास आणखीच कोंडायचा. रोवीना मग झाडू ठेवून दम्याचा पंप शोधायला धावायची.

हे सगळं, आणि आता मुलांना घेऊन दुकानातून नवीन यंत्र आणावं लागणार हेही, तिनं दारिओला का सांगितलं, कोण जाणे. तो मन लावून ऐकत होता. मग खिशात हात घालून म्हणाला, "मीही येऊ का दुकानात? गाडी साफ न करायला एखादं चांगलं निमित्त शोधतोच आहे."

"शुक्रवारी जायचंय ना तुम्हाला?"

"शनिवार आहे आज. आणि 'तुम्ही' नको. चोरी उघडी पडल्यावर कसला मान!"

*

जवळच्याच सिडनी रोडवरच्या दुकानातल्या डॉटबाई साठीच्या, बोलघेवड्या. मॉन्टीला दारिओच्या खांद्यावर बघून त्या सरळ त्याच्याकडेच वळल्या. "बाबांनी उचलून बघा बरं, किती हलका आहे!"

"मी बाबा नाही. मी चोरीतला फिर्यादी आहे."

"दारिओ!" रोवीनानं त्याला कोपरानं ढोसलं.

"आरोपी मारहाणही करते, बघितलंत ना?"

डॉटबाई खळखळून हसल्या. मॉन्टी आवाजाला घाबरतो म्हणून दारिओ प्रत्येक यंत्र आधी दूर नेऊन सुरू करायचा आणि मॉन्टीचं ओठ काढणं बघून मान हलवायचा. "हा नापास… हाही नापास." एकाची वायर आत जाताना इतक्या जोरानं सपकन आली, की रोवीनानं हेटीची बोटं धरून तिला मागं ओढलं. तिचा दुसरा हात आणि दारिओचा हात एकाच वेळी त्या वायरीवर पडले होते. तिनं आपला काढून घेतला… जरा उशिरानं.

"आता हा बघा," डॉटबाईंनी चकचकीत यंत्र पुढे ओढलं. "पिशवीची कटकट नाही. आणि आरपार दिसतं! घरातून काय काय निघालं ते बघायला लोकांना फार आवडतं." त्यांनी गालिच्याच्या तुकड्यावर मूठभर ओटचे दाणे टाकले आणि बटण दाबलं. पारदर्शक भांड्यात ओट, धागे, कुणाचा तरी केस, सगळं भोवऱ्यासारखं फिरू लागलं.

हेटी काचेला नाक लावून बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मावशी… आईपण अशीच गरगर फिरणार?"

डॉटबाईंनी यंत्र बंद केलं.

दारिओ मॉन्टीला खाली ठेवून हेटीसमोर उकिडवा बसला. "नाही. असला घ्यायचाच नाही आपण."

"मग कसला?"

त्यानं वर बघितलं. डॉटबाईंचा आवाज एकदम हळू झाला. "पिशवीचा घे, बाळ. आत जाड पिशवी असते. जे आत जातं ते कुणाला दिसत नाही, उडत नाही. भरली की तोंडाचं झाकण सरकवायचं, झालं बंद. तुझ्या छातीलाही तोच बरा. दुसरा रिकामा करताना धूळ पुन्हा नाकात जाते."

"पिशवी फेकायची?"

"ते घरातल्या माणसांनी ठरवायचं," दारिओ म्हणाला.

हेटीनं बराच वेळ विचार केला. मग मॉन्टी ज्याच्या आवाजाला रडला नव्हता, त्या करड्या, साध्या यंत्राकडे बोट दाखवलं.

*

तरीही हेटी तयार व्हायला आणखी काही दिवस गेले. यंत्र खोक्यातच होतं. दारिओ रोज यायचा, कधी वडिलांच्या परसातली लिंबं घेऊन, कधी नुसताच. हेटीला त्याच्या गाडीची गोष्ट ठाऊक होती.

"तू दाबलंस बटण?" एक दिवस तिनं विचारलं.

"दाबलं. खूप रडलो."

"मग?"

"मग गाडी साफ झाली. बाबा काही त्यात नव्हते, हेटी. मला वाटत होतं, आहेत."

गुरुवारी दुपारी हेटी रेनकोट घालून आपणहून ओसरीवर जाऊन उभी राहिली. "कर, मावशी," एवढंच म्हणाली.

रोवीनानं खिडक्या उघडल्या, दार लोटलं आणि बटण दाबलं. ती सोफ्यासमोर आली. लोकरीतून एक तांबूस रेघ उठली आणि नाहीशी झाली. मग दुसरी. यंत्राची घुरघुर चालू होती म्हणून तिनं गळा मोकळा केला. माफ कर गं, एल्सी… माफ कर. डोळे पुसून वर पाहिलं, तर मॉन्टीला कडेवर घेऊन, हेटीचा हात धरून दारिओ दाराच्या काचेपलीकडे उभा होता. पावसात त्याचा अर्धा खांदा भिजत होता. तो हसत नव्हता, हात हलवत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता. इतकं बघणं आता पुरे, असं तिला वाटलं. आणि पुरे होऊ नये असंही.

धूळ बसेपर्यंत सगळी ओसरीवरच थांबली. रोवीनानं पिशवी काढली, झाकण सरकवलं आणि हेटीच्या ओंजळीत ठेवली.

"एवढीच?" हेटी म्हणाली.

"एवढीच, बाळा."

हेटीनं ती छातीशी धरली नाही. लांब धरून कितीतरी वेळ बघितली. मग दारिओकडे वळली.

"तू ठेव. इथे राहिली तर मी उघडेन."

दारिओनं हात पुढे केला नाही. "हेटी, मी उद्या जाणार आहे. खूप लांब."

हेटीचा चेहरा हलला नाही. असलं ऐकायची तिला सवय झाली होती. रोवीनाला ते तिच्या रडण्याहूनही असह्य झालं.

तो रोवीनाकडे वळला. आवाज इतका खाली, की पावसात जेमतेम ऐकू यावा. "रोवीना, मला तू हवी आहेस. ही दोघंही. पण बोटीची नोकरी अशी एका दिवसात सुटत नाही, आणि मला पोरीशी खोटं बोलायचं नाही… सांग, घेऊ का?"

"माझ्याजवळ सध्या द्यायला काही नाही, दारिओ. हसणंसुद्धा उसनं आणावं लागतं."

"मी मागितलंय का काही?"

समोर ओलं अंगण, करडं आभाळ. त्याच्यापलीकडे कितीतरी रिकामे शुक्रवार तिला दिसत होते.

"घेतलीस तर परत आणून द्यावी लागेल," ती म्हणाली. "स्वतः. पोस्टानं नाही चालणार."

"म्हणून तर घेतोय."

"आणि मी… मी वाट बघेन. तू म्हणालास म्हणून नाही. मला बघायची आहे म्हणून."

त्यानं तिच्या भिजल्या बोटांवर क्षणभर आपली बोटं ठेवली. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे केले, देवापुढची तेवती समई उचलावी तसे.

हेटीनं पिशवी त्याच्या हातांत ठेवली. श्वास घेतला आणि बजावलं,

"दाबू नकोस हं."