वरच्या खोलीतली शांतता

त्या दुपारी ताई शांतता आणायला निघाली होती.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल. परंतु काम साधेच होते. तिच्या धाकट्या भावाने एक चित्रपट तयार केला होता. चित्रपटाच्या शाळेची पायरी तो कधी चढला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला जितका अभिमान होता, तितका चित्रपटाचाही नव्हता. कॅमेरा उसना, दिवे मित्राचे. मुलाच्या भूमिकेत बँकेतला रोखपाल आणि आजारी बापाच्या भूमिकेत शेजारचा म्हातारा शिंपी. ध्वनिमुद्रणाला ताई. "तू जन्मभर टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून बसलीस," तो म्हणाला होता, "तुला आणखी काय शिकायचंय?" आपल्याला यातून काय मिळेल, असे तिने तेव्हा विचारले नाही. दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात जिचा जन्म गेला, तिला असे प्रश्न वेळेवर सुचत नाहीत.

चित्रीकरण आटोपले, संकलन सुरू झाले, आणि चूक उघडकीस आली. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते. भिंतींची, नळांची आणि लांबच्या रस्त्याची मिळून झालेली एक बारीक गुणगुण. दोन संवादांच्या मध्ये ती नसली, तर पडद्यावरचे माणूस एकाएकी विहिरीत पडल्यासारखे वाटते. म्हणून जाणती माणसे चित्रीकरण संपल्यावर सर्वांना जागच्या जागी उभे करतात आणि मिनिटभर नुसती खोली ध्वनिमुद्रित करून घेतात. पुढे तोच तुकडा जोडून जोडून सगळ्या संवादांखाली अंथरला जातो. शाळेत हे पहिल्याच आठवड्यात शिकवत असतील. धाकट्याला ते चित्रपट पुरा होत आल्यावर कळले.

"ताई, मिनिटभराचं तर काम," तो फोनवर म्हणाला. "मी गेलो असतो गं, पण महोत्सवाची माणसं भेटायची आहेत. चित्रपट घेतलाय त्यांनी! तू फक्त जा, गप्प बस आणि ये."

"गप्प बसायला माझ्यासारखं माणूस तुला शोधून सापडायचं नाही," ताई म्हणाली. तो हसला. "छोट्या, माझं नाव येणार ना रे पडद्यावर? ध्वनिमुद्रण म्हणून?"

"अगं, हे काय विचारणं झालं?"

हे उत्तर नव्हते, हे तिच्या लक्षात आले ते फोन ठेवल्यावर.

घर गल्लीच्या शेवटी होते. खाली वृद्ध मालकीणबाई एकट्या राहत. वरच्या खोलीत भाडेकरू टिकत नसत, म्हणून ती त्यांनी चित्रीकरणाला फुकट दिली होती. अट एकच होती : काम खुशाल करा, पण वर बोलत राहा. म्हातारपणाची लहर म्हणून सर्वांनी मान डोलावली होती, आणि ती मोडायचा प्रसंगही आला नव्हता. दिवे ओढण्याची खडखड, शिंप्याचा खोकला, रोखपालाचे चुकलेले संवाद. यांतून कोणी गप्प झालेच, तर धाकटा बोलत असे.

मालकीणबाईंनी दार उघडले तेच बोलत. "या बाई, या, किल्ली इथंच होती, कुठं गेली मेली, ही घ्या. काय राहिलं तुमचं वर?"

"काही राहिलं नाही, मावशी. थोडा वेळ बसायचंय. खोलीतली शांतता टिपून घ्यायची आहे."

मालकीणबाईंचा हात किल्लीसकट मागे गेला. "म्हणजे... गप्प बसणार तुम्ही?"

"मिनिटभरच."

"रेडिओ देऊ का? लावून ठेवा बारीक."

"मावशी, मग शांतता कसली?"

म्हातारी जिन्याकडे वळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी नणंद असायची वर. हुशार होती हो. पण या घरात आधी सासरे बोलायचे, मग माझे यजमान, मग सासूबाई, आणि त्यातून उरलं तर मी. ती बिचारी तोंड उघडायची, तोवर विषय संपलेला असायचा."

"मग?"

"मग काय? तीही संपली." मालकीणबाईंनी किल्ली ताईच्या तळहातावर ठेवली, सोडली मात्र नाही. "बोलणं थांबलं ना, की तिला वाटतं, आता आपल्याला बोलता येईल. मी केर काढायला जाते, तेव्हासुद्धा तोंड चालू ठेवते. भाजीचे भाव, पायाचं दुखणं, काहीही. तिला फट मिळता कामा नये."

ताईने किल्ली ओढून घेतली. भीतीपेक्षा तिला राग आला होता, आणि तो नेमका कोणाचा, हे तिला सांगता आले नसते.

खोली बंद असल्याने कोंदट झाली होती. ओल्या गिलाव्याचा वास, जुन्या औषधांचा वास, आणि त्यांच्या खाली कोणीतरी नुकतेच केस विंचरून गेल्यासारखा तेलाचा मंद वास. चित्रीकरणासाठी भिंतीकडे सरकवलेली खुर्ची तशीच होती. ताईने माइक खोलीच्या मध्यावर उभा केला, हेडफोन कानांवर चढवले आणि रेकॉर्डर सुरू केला. सवयीने तिने जागेचे नाव उच्चारले, "वरची खोली, शांतता," आणि ती थांबली.

प्रथम काहीच नव्हते. मग खोली हळूहळू कानांत उतरू लागली. भिंतीच्या पोटातून झिरपणारे पाणी... लांबवर एखादी मोटार... लाकडाचा एखादा कुरकुरता सांधा. स्वच्छ, उत्तम शांतता होती. ताईला मनातून बरे वाटले. इतक्या माणसांच्या गोंगाटाखाली ही बिचारी खोली कशी दडपून पडली होती, असे तिला वाटले.

तेवढ्यात भिंतीतले पाणी थांबले. लांबचा रस्ता थांबला. एखाद्या बैठकीत कोणी बोलायला उठले, की बाकीचे जसे गप्प होतात, तशी ती खोली गप्प झाली.

आणि माइकच्या अगदी जवळ ओठ सुटल्याचा आवाज आला.

चिकटून राहिलेले कोरडे ओठ सुटावेत, तसा. त्यामागोमाग श्वास. झोपेतला नव्हे, दम लागल्याचाही नव्हे. ताईने जन्मभर तारांवर हा श्वास ऐकला होता. बोलणारे माणूस पहिल्या शब्दापूर्वी घेते तो. लांब, खोल... खूप काही सांगायचे असल्यासारखा. ताईने पाहिले. माइकपाशी कोणी नव्हते. श्वास अजून आत जातच होता...

"झालं!" ताई ओरडली आणि तिने रेकॉर्डर बंद केला. "झालं, झालं बरं का, झालं!" पुढे काय बोलावे हे सुचेना, म्हणून माइक काखेत मारून, जिना उतरून गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ती निवृत्त बाई मोठमोठ्याने बाराचा पाढा म्हणत होती.

घरी तिने सुरुवातीचा आणि शेवटचा आपला आवाज कापून तो तुकडा पुन्हा ऐकला. श्वास त्यात होता. तुकडा फेकून द्यायचा, असे तिने ठरवले; गोंगाटाचे काहीतरी खोटे कारण सांगू, पण ही शांतता त्याला द्यायची नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकटा आला, तो हातात छापील पत्रक घेऊन. त्यावर त्याचा कॅमेऱ्यामागचा फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत : एका माणसाने, एकट्याने, कोणत्याही शाळेविना.

"छोट्या, त्या तुकड्याबद्दल तुला..."

"थांब, आधी हे वाच! लेखन मी, दिग्दर्शन मी, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, सगळं मीच. महोत्सववाले तर वेडे झालेत याच्यावर."

ताईने पत्रक वाचले आणि पुन्हा वाचले. "ध्वनीसुद्धा?"

"अगं, एकट्यानं केलं, हीच तर त्यातली गंमत आहे. आता मध्येच दुसरं नाव घुसवलं, तर सगळं फुसकं होईल. आणि तू काय, घरचीच आहेस."

"घरची आहे म्हणून..."

"ताई, प्लीज, आज नको. प्रेक्षागृह ठरलंय, वेळ ठरलीय, माझ्या डोक्याचा भुगा झालाय."

"मी एवढंच म्हणत होते, की त्या खोलीत..."

"आणलंस ना? बस्स झालं! तू म्हणजे देवमाणूस आहेस." मग खिशात पत्रक घालता घालता त्याला आठवले. "तू काहीतरी सांगत होतीस का?"

ताईने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी याच मुलाला पोटाशी धरून तिने विजांच्या आवाजाची भीती घालवली होती. तिने तोंड उघडले, आणि मिटले.

"काही नाही," ती म्हणाली. "घे. स्वच्छ आहे."

"ऐकून पाहू?"

"वेळ असेल, तर ऐक."

त्याला वेळ नव्हता.

प्रेक्षागृह भरले होते. ताई मागच्या रांगेत बसली. चित्रपट वाईट नव्हता. रोखपालाने जीव ओतला होता आणि शिंप्याचा खोकला तर खराच होता. परंतु ताई चित्र पाहत नव्हती, संवादांच्या खालचे ऐकत होती. धाकट्याने तिचे ते मिनिट न ऐकताच जोडून जोडून चित्रपटभर अंथरले होते. बाप गप्प होई, मुलगा खिडकीशी जाई, आणि त्या फटीत ओठ सुटत, श्वास आत जाई, आणि पुढचा संवाद त्यावर येऊन आदळे. पुन्हा ओठ सुटत. पुन्हा श्वास. पुन्हा कोणीतरी दुसराच बोले.

मध्यंतर नव्हते. अर्ध्याहून अधिक चित्रपट झाल्यावर ताईच्या लक्षात आले, की पुढच्या रांगांतली माणसे किंचित वाकून बसली आहेत. बोलू पाहणाऱ्या माणसाकडे वळतात तशी, आणि तीही पडद्याकडे नव्हे. प्रत्येकाची मान आपापल्या शेजारी कललेली होती.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. धाकटा मंचावर गेला. शेवटच्या नामावलीत त्याचे नाव इतक्या वेळा आले होते, की कोणीतरी कौतुकाने हसलेही होते.

पहिल्याच रांगेतले एक गृहस्थ उठले. ते वर्तमानपत्रात समीक्षा लिहीत. "दोन पुरुषांच्या या घरात एक बाई आहे," ते म्हणाले. "ती दिसत नाही, बोलत नाही, पण सारखी बोलायच्या बेतात आहे, असं वाटत राहतं. माझ्या तर अंगावर काटा आला. ही कल्पना कशी सुचली तुम्हाला?"

धाकट्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटले नाही. बाई कुठली, हे त्याला कळलेच नव्हते. मग तो हसला. "सुचली खरी," तो म्हणाला. "एकट्यानं काम करताना सुचतात अशा गोष्टी. ती... ती माझीच."

ताई उठून उभी राहिली. आपण हात वर केला आहे, हे तिला हातात माइक आल्यावर समजले. सारे प्रेक्षागृह वळून पाहू लागले; मंचावर धाकट्याचे हसू आक्रसले. तिला फार बोलायचे नव्हते. ध्वनी मी केला आहे. एवढेच वाक्य, आणि ते तिने मनात नीट रचून ठेवले होते. प्रेक्षागृह पूर्ण शांत झाले. आयुष्यात प्रथमच इतकी माणसे तिच्या बोलण्याची वाट पाहत होती.

तिने श्वास घेण्यासाठी ओठ उघडले, आणि श्वास आधीच घेतला गेला होता.

तिच्या गालापाशी तेलाचा मंद वास आला. पुढचे तिला काहीच ऐकू आले नाही. केवळ माणसांचे चेहरे दिसले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग भुवया चढल्या, कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी मान फिरवून मंचाकडे पाहिले. धाकट्याने मंचावरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. ताईचे ओठ मघाच मिटले होते. माइक तिने मांडीपाशी खाली धरला होता.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक आवाज न करता उठले आणि तिच्या रांगेला वळसा घालून बाहेर गेले.

धाकटा खाली आला, तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "ताई... तुला हे कुणी सांगितलं?"

"काय बोलले मी?"

"ते फक्त मला ठाऊक होतं. माझ्याशिवाय कुणालाच..."

"छोट्या, मी काय बोलले?"

"नको," तो म्हणाला. "माझ्या तोंडून नको वदवूस."

महोत्सवाची एक तरुण कार्यकर्ती तारा गुंडाळत गुंडाळत त्यांच्यापाशी आली. तिने ताईच्या हातातला माइक हळूच काढून घेतला आणि अवघडून हसली. "बाई, खूप दिवसांचं साठलेलं दिसतंय तुमचं. वेळ कमी पडला, सॉरी हं. पण उरलेलं घरी बसून सांगेन, असं म्हणालात, ते बरं केलंत. अशा गोष्टी घरीच बोललेल्या बऱ्या."

ताईने विचारले, "कोणाच्या घरी?"

मुलीने आठवून पाहिले. "ते नाही सांगितलंत."

बाहेर रस्ता रिकामा होत होता. प्रेक्षागृहाचे दिवे एकेक मालवू लागले, तरी ती दोघे भावंडे पायऱ्यांवर एकमेकांना खेटून उभी होती. चल माझ्याकडे, असे ताई म्हणाली नाही. आणि धाकटाही म्हणाला नाही.