पूजाच्या चालीनं

सकाळी अकरा वाजता गहिनीनाथ गुरुजींनी पाहुणीच्या स्कूटीची किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"अहो, काय करताय?" रोहिणी ओरडलीच.

"तुमच्या अहवालावरून माझी शाळा बंद करतायत. पोरं आता हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत जाणार, चालत. मग तुम्हीपण चालत जा, मॅडम."

पाथर्डी तालुक्यातली ही ऊसतोड मजुरांची वस्ती, तिथली दोन खोल्यांची शाळा. रोहिणी केडगावची. सरकारी शाळांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत संशोधक.

"अहवाल वाचलात?" तिनं विचारलं.

"आदेश वाचला. तेवढा पुरला."

"निम्मी वस्ती तोडीवर असताना हजेरी मोजू नका, असं लिहिलं होतं मी. सरकारी समितीनं तेवढंच पान गाळलं, आणि खाली माझं नाव ठेवलं! तुमच्यापेक्षा माझा राग मोठा आहे, गुरुजी. आणि मी चालायलाच आलेय. त्यांनी अंतर मोजलं ते जीपमधून."

गहिनीनाथनं तरी किल्ली दिली नाही.

रोहिणीची एक रीत होती. वाट मोजायची ती लहान मुलाच्या चालीनं. पहिलीतली पूजा पुढे, ही दोघं मागे. घाई करायची नाही, उचलून घ्यायचं नाही.

"एवढं हळू?"

"तिची हीच चाल आहे. बोरं वेचायला थांबेल, ते वेगळं."

पूजा थांबलीच. हिवाळी ऊन, बोरींचा वास… आणि दोघं शेजारी शेजारी, रागात, पण पाऊल पाऊल.

"रागावल्यावर तुम्ही नाकानं बोलता," तो म्हणाला.

"आणि तुम्ही किल्ल्या चोरता."

शेतातून पूजाची आजी चांगुणाबाई ओरडली, "गुर्जी, वरात हाय का काय? लई सावकास चाललाय!"

तो कानापर्यंत लाल झाला. रोहिणी हसली — त्या दिवशी पहिल्यांदा.

हमरस्ता आला. उसानं भरलेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, थांबायचं नाव नाही. पूजा काठावर उभी राहिली. एका मुठीत तिनं गुरुजींचं बोट धरलं, दुसऱ्यात रोहिणीचं.

"हा रस्ता नकाशावर आहे?" गहिनीनाथनं विचारलं.

"आहे. पूजा नाही."

पलीकडे पोचल्यावर पूजा बोट सोडून पळाली. मधली जागा रिकामी झाली. दोघांपैकी कुणीच बाजूला सरकलं नाही.

पुढे शाळाबंदीच्या आदेशावर सुनावणी झाली. समितीनं गाळलेलं पान रोहिणीनं तिथं वाचून दाखवलं. शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही संशोधक आहात की आंदोलक?"

"रस्ता ओलांडून या, मग सांगते," ती म्हणाली. संध्याकाळी संस्थेचा फोन आला: माफी मागा, नाहीतर राजीनामा द्या. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं वस्तीवर आली. गहिनीनाथनं किल्ली पुढे केली.

"घ्या. चुकलो मी… तेव्हा."

"आणि आता?"

"आता द्यायला जिवावर येतंय."

"मग ठेवा. तोडीच्या गाड्या परत आल्या की हजेरी मीच मोजणार आहे. तोवर यावं लागेल."

"नुसतं हजेरीसाठी?"

"नाकानं बोलू का?"

सुनावणीचा निकाल अजून लागलेला नाही. शाळा आज भरली. स्कूटी शाळेपुढच्या लिंबाखालीच आहे. तिची दुसरी किल्ली केडगावच्या घरी आहे. रोहिणीनं ती अजून आणलेली नाही.