देखभाल करणारीचे ठोके

मोरेश्वर उपळेकर पावणेसहालाच जागे झाले होते, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. डोळे उघडले की डाव्या मनगटावरच्या नाडीपट्ट्याला ते कळे आणि मोजणी सुरू होई. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, निपचित पडून असताना हृदय मिनिटाला जितके ठोके देते, त्यांना आता सगळे विश्रांतठोके म्हणत. साताऱ्यातल्या प्रत्येक निवृत्त नोकरदाराचे विश्रांतठोके रोज आरोग्य मंडळाकडे जात. ते नव्वदाच्या आत असले तर दिवस आपला. वर गेले तर दिवस पट्ट्याचा.

शेवटी डोळे उघडावेच लागले. पट्टा थरथरला आणि आकडा उमटला. सत्त्याण्णव.

"सहावा दिवस," पट्टा मऊ आवाजात म्हणाला. "उद्याही ठोके नव्वदाच्या वर असल्यास पंचेचाळीस दिवस स्थिरगृहात राहावे लागेल. आज बाहेर पडू नये. मन शांत ठेवावे."

बाहेरच्या खोलीत दाराचे कुलूप आपोआप लागल्याचा आवाज आला. मन शांत ठेवावे, हे वाक्य ऐकले की मोरेश्वरांच्या छातीत धडधड वाढे. स्थिरगृह चांगले असते असे सगळे सांगत. तिथे एकट्यानेच राहायचे, भेटायला कुणी येत नाही, तेवढाच काय तो नियम. शेजारचे पाटणकर तिथून परत आले, तेव्हापासून त्यांचे ठोके अडुसष्ट होते आणि ते कुणाशी बोलत नव्हते.

पट्ट्याने सांगितलेले सगळे त्यांनी केले होते. तरुणपणापासूनची तपकिरीची डबी त्यांनी खिडकीतून फेकून दिली. तीन कपांवरून चहा एकावर आणला, मग तोही सोडला. रात्रीचे वाचन बंद केले. दहा पावले चालले तरी पट्टा गुरगुरे, म्हणून ते खुर्चीतच बसू लागले. तरी आकडा चढतच राहिला. आपल्याच शरीराने आपल्यावर पाळत ठेवावी आणि आपणच त्याला भ्यावे, असा सगळा प्रकार होता. चूक कुठे होते आहे, ते त्यांना सापडत नव्हते आणि चूक आपलीच असणार याबद्दल शंकाही नव्हती.

कुमुद, त्यांची बायको, दुपारी वाल सोलत समोर बसली होती. ती म्हणाली, "अहो, एक सांगू का? तुम्ही श्वास धरता."

"कधी?"

"तो थरथरला की. नकाशावर रेघ ओढताना धरायचात, तसा. मग सोडता तेव्हा छाती धावत सुटते."

भूमापन कचेरीत चौतीस वर्षे मोरेश्वरांनी नकाशे आखले होते. रेघ हलू नये म्हणून श्वास रोखायची सवय हाडात मुरलेली. मोजमाप होते आहे म्हटले की काम बिघडू नये म्हणून ते आजही तेच करत होते. आठवडाभर पट्ट्याने हृदय मोजले नव्हते, भीती मोजली होती.

"मग उद्या धरू नका, म्हणजे झालं," कुमुद म्हणाली. "गाईसारखं पडून राहायचं. थांबा, मी दाखवते."

आंघोळीसाठी पट्टा दहा मिनिटे काढता येई आणि सकाळखेरीज इतर वेळचा आकडा मंडळाकडे जात नसे. कुमुदने तो हसत हसत आपल्या हाताला बांधला, पाटावर बसून भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली होती. तिला घाबरलेले मोरेश्वरांनी कधी पाहिले नव्हते.

पट्ट्यावर एकशे बारा आले.

"बिघडलाय मेला," असे म्हणत तिने तो घाईने सोडला. ती घाई मोरेश्वरांना खटकली. त्यांनी तिचे मनगट धरले आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे पाहत पंधरा सेकंद मोजले. अठ्ठावीस. त्यातही ठोके सरळ पडत नव्हते. दोन लगबगीने येत, मग एक गाळला जाई.

थोडे रागावून विचारल्यावर तिने सांगितले. दिवाळीपासून जिना चढताना दम लागत होता, दोनदा भोवळ आली होती. पट्टा फक्त निवृत्त नोकरदाराला मिळे. मंडळाच्या कागदावर कुमुदची नोंद 'देखभाल करणारी' एवढीच होती. देखभाल करणारी आजारी पडली किंवा घर सोडून गेली, तर ज्याची देखभाल करायची त्याला त्याच दिवशी स्थिरगृहात नेत.

"मी दवाखान्यात गेले असते तर तुम्हाला उचललं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला तिथे एकट्याला जमायचं नाही. साधा मोजा सापडत नाही तुम्हाला."

मोरेश्वरांनी मंडळाला फोन लावला. देखभाल करणाऱ्यांची तपासणी या क्रमांकावर होत नाही, असे उत्तर आले. दवाखान्यातली पहिली मोकळी वेळ पाच आठवड्यांनंतरची होती. दाराला कुलूप होतेच. कुमुद एकटीसाठी ते उघडले असते, पण ती जायला तयार नव्हती. मोरेश्वर तिच्यासाठी आणि ती मोरेश्वरांसाठी, अशी दोघे एकमेकांना बांधली गेली होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांनी डोळे मिटूनच आंघोळीची सवलत मागितली, पट्टा सोडला आणि कुमुदच्या अंथरुणाशी आले. एकशे दहाच्या वर विश्रांतठोके गेले की मंडळाची गाडी न बोलावता येते आणि थेट दवाखान्यात नेते, हे त्यांनी माहितीपत्रकात सात वेळा वाचले होते.

"खोटं उघडं पडेल," कुमुद म्हणाली.

"नकाशात जे दाखवलं नाही, ते जागेवर नाहीच असं कचेरी धरून चालते. तुला कुणी दाखवलंच नाही, कुमुद. मीसुद्धा नाही."

तिने हात पुढे केला. पट्टा थरथरला. एकशे अठरा. मऊ आवाज म्हणाला, "मोरेश्वर, घाबरू नये. गाडी निघाली आहे."

नऊ मिनिटांनी कुलूप उघडले. मागे दोन माणसे स्ट्रेचर घेऊन उभी होती आणि पुढे पंचविशीची एक परिचारिका. तिने कागदावरचे नाव वाचले, म्हाताऱ्याकडे पाहिले, मग अंथरुणावरच्या बाईच्या हातातल्या पट्ट्याकडे. तिने खाली वाकून नाडी धरली. तिच्या स्वतःच्या मनगटावर पट्टा नव्हता.

"आजोबा, गाडीत एकाचीच जागा आहे. नाव तुमचं आहे. यांना नेलं तर घरात देखभाल करणारं कुणी उरत नाही, म्हणजे दुपारी दुसरी गाडी तुमच्यासाठी येईल. पट्टा बदललात त्याची चौकशी वेगळीच. कळतंय ना?"

"कळतंय," मोरेश्वर म्हणाले. "हिला न्या."

कुमुद उठून बसू लागली. त्यांनी तिला खांद्याला धरून पुन्हा निजवले. मोजे कुठे आहेत ते तिने स्ट्रेचरवरून सांगितले. दार उघडे होते, बाहेर अजिंक्यताऱ्यावर फटफटू लागले होते आणि मोरेश्वरांच्या लक्षात आले की आपण श्वास धरलेला नाही.

परिचारिका उंबरठ्यावर थांबली. कागदावर नाव लिहायचा एकच रकाना होता आणि तो आधीच भरलेला होता.

"आजोबा," तिने हळूच विचारले, "यांना मी कोण म्हणून नेऊ?"