अधांतरी खांब

"सही करणार नाही!" कडेवरच्या लेकीला सावरत इंजिनिअरबाई मावशींना म्हणाली. "मी लिहिलेला खांब अधांतरी उभा राहूच शकत नाही."

मावशी खासगी तपास करायच्या. त्यांचे यजमान, काका, सोबत असायचे. त्यांना सगळं जरा उशिरा कळायचं.

तिसऱ्या मजल्याचा खांब खालच्या खांबावर न येता बाजूला उभारला गेला होता. स्लॅब तडकला, गवंडी थोडक्यात वाचला. कबुलीपत्र आलं इंजिनिअरबाईपुढे. सही केली, की पुन्हा कोणी तिच्या हाती इमारत देणार नव्हतं.

"खांब लिहितात?" काकांनी विचारलं.

"संगणकाच्या भाषेत, काका. 'हा खांब खालच्याच्या डोक्यावर.' जागेचा आकडा फक्त तळाच्या खांबाला, तोही पूर्ण मिलिमीटरचा. त्यावरून संगणक चित्र उभं करतो. आता मला फाइल उघडूच देत नाहीत."

लेकीला घेऊन इंजिनिअरबाईही त्यांच्यासोबत ऑफिसात आली. तिचा सहकारी कुजकं हसला. "बाळंतपणानंतर डोकं कुठे ठिकाणावर असतं, मावशी?"

"तुझ्या आईचंही नव्हतं वाटतं. फाइल उघड."

तळाचे सोडून सगळ्या खांबांपुढे 'खालच्यावर' होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या एकापुढे मात्र ४१८३.२७.

"काय बारीक काम!" काका म्हणाले.

"चित्रात फेरफार कोण करतं?" मावशींनी सहकाऱ्याला विचारलं.

"आम्ही दोघं फक्त लिहितो. चित्राचा संगणक साहेबांच्या केबिनमध्ये."

साहेबांनी हात झटकले. "मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. मी गिऱ्हाइकाला दिवाणखाना किती मोकळा आहे ते दाखवतो, बस्स."

"भाषा येत नाही, म्हणूनच," मावशी म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने तळाचा खांब हलवला असता, तर वरचे आपोआप त्याच्यामागोमाग सरकले असते. आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग कोण टाइप करतं? माउसने ओढलं, की लिहिलेलं पुसून असा आकडा पडतो. खांब तुमच्या दिवाणखान्यात आडवा येत होता."

"एवढासा तर सरकवला!" साहेब बोलून गेले. काकांनी कपाळाला हात लावला.

मग इंजिनिअरबाईकडे वळून साहेबांचा आवाज मऊ झाला. "घरातलं घरात मिटवू. तुम्हाला बढती देतो. टेकू लावलेत, काम सुरूही झालंय."

"सुरू झालंय?" इंजिनिअरबाईने लेकीला काकांच्या हाती दिलं आणि फोन कानाला लावला.

"मुकादम, सगळ्यांना खाली उतरवा. आत्ताच्या आत्ता. साहेब? नाही, साहेबांना विचारायचं नाही. मी सांगतेय."