अंगठ्याएवढा डाग

शहागंजच्या बाजारात बद्रीनाथ सकाळीच दबलेल्या टोमॅटोंचं कॅरेट कचराकुंडीत ओतणार, इतक्यात मागून आवाज आला, "थांबा हो."

वळून पाहिलं तर कपाळावर ऊन घेऊन एक मुलगी उभी. ही कालिंदी, मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळणारी. तिनं तिथंच उकिडवं बसून एकेक टोमॅटो पारखला आणि निम्म्याहून जास्त पिशवीत भरले. डाग कापला की चटणीला चालतात, म्हणाली. बद्रीनाथ तिची बोटंच बघत राहिला. गिऱ्हाईक आलं की तो सरसकट ताई म्हणायचा. हिला ताई म्हणायला जीभ वळेना, म्हणून त्यानं मॅडमवर भागवलं.

मग ती रोज येऊ लागली, आणि शिकवूही लागली. कालचा माल पुढं ठेवा, पालेभाजीवर ओलं गोणपाट टाका, केळी टोमॅटोपासून लांब ठेवा. बद्रीनाथनं शब्द खाली पडू दिला नाही. प्रेमात पडलेला माणूस फार गुणी विद्यार्थी असतो. दोन महिन्यांत नासाडी अशी घटली, की एका सकाळी तिला द्यायला काही उरलंच नाही.

"आता माझं काय काम इथं?" असं हसत म्हणून ती रिकामी पिशवी घेऊन गेली. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे बद्रीनाथला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन केला, डागी माल आहे. कालिंदी आली. एक टोमॅटो उचलला, दुसरा, तिसरा... प्रत्येकावर तसाच, अंगठ्याएवढा खळगा. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"हे तुम्ही केलंत?"

"व्हय."

"माल कुठला?"

"करमाडचा. आमच्याच शेतातला... आईनं तोडलेला."

कालिंदीनं टोपलीतला एकही टोमॅटो मागं न ठेवता सगळे घेतले आणि वळूनही न पाहता गेली.

तीन दिवस ती फिरकली नाही. मधे खरोखर चार किलो माल दबला, पण फोन करायची बद्रीनाथला लाज वाटली. तो माल घरी नेऊन त्यानं जन्मात पहिल्यांदा चटणी केली.

चौथ्या दिवशी ती दुकानापुढं उभी. डागी माल आहे का, असं विचारलं.

"नाय. होता, त्याची चटणी केली. लई तिखट झाली. आईनं गुमान खाल्ली."

कालिंदीला हसू आवरेना. मग हळूच म्हणाली, "मला बोलवायचं होतं, तर नुसतं बोलवायचं. टोमॅटोला कशाला सजा?"

"काय सांगून बोलवू? काम तर..."

"विचारून तर बघा."

बद्रीनाथनं मान वर केली.

"कालिंदी... उद्या येशील? काम काहीच नाय."

"नक्की काही काम नाही?"

"नाय."

"मग येते," ती म्हणाली.